टायराला विचारलेले प्रश्न

शेवटच्या दिवसांतही उरकुडाभाऊ आणि मी एकमेकांशी बोललो नाही. ते खाटेवर पडून होते, मी चहा घेऊन दाराशी उभी. "टायरा, चहा गरम हाये म्हणून सांग," मी अंगणातल्या जुन्या टायराकडे तोंड करून म्हणाले. "टायरा, साखर टाकली का तं इचार तिले," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. नातसुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. चारच दिवसांनी ते गेले... त्याला आता महिना होत आला.

उरकुडाभाऊ माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. पन्नासच्या दशकात मी मूल गावाहून लग्न होऊन चामोर्शीपलीकडच्या जंगलात, लाकूड डेपोजवळच्या या घरात आले. आमचे हे ठेकेदाराचा सागवान वाहणारा ट्रक चालवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत काढलेला लष्करी ट्रक तो. नवा टायर त्याच्या नशिबी कधी आलाच नाही. झिजलेल्या टायरांतून बरे निवडून मागच्या चाकांवर दोन-दोनच्या जोडीने बसवायचे आणि चिखल असला की चाकांवर साखळ्या चढवायच्या, हे काम उरकुडाभाऊंचं. अंगणात टायरांची रांग लागायची. ते एकेकाच्या पोटाभोवती अंबाडीची सुतळी फिरवून घेर मोजायचे, गाठ मारायचे, मान हलवायचे, रांग मोडून पुन्हा लावायचे. जणू सोयरिकी जुळवायला बसलेत. एवढं काय पाहतात, या विचारात माझा भात किती वेळा करपला असेल!

विचारायची तर सोय नव्हती. एक दिवस मात्र राहवेना. मी सरळ टायरालाच विचारलं, "काऊन रे टायरा, जोडचाकात जास्त झिजला तो आतल्या अंगाले काऊन?"

उरकुडाभाऊंचे हात थांबले. मी चांगलीच घाबरले. मग ते त्याच टायराला म्हणाले, "टायरा, सांग तिले. रस्ता मधात फुगून रायते. आतल्या चाकाले तेवढी उंची फुकट भेटते. पण जोडीत बोटभराच्या वर फरक नाई पायजे. उंच असन त्याच्यावरच सारा भार येते, मंग ते तापते अन् फुटते."

तेव्हापासून माझी शाळा सुरू झाली. साखळी उलटी करून का बांधता? एक बाजू घासली, दुसरी अजून चिखल धरते म्हणून. टायर बिचारा दोघांचंही ऐकून घ्यायचा. आमचे हे म्हणायचे, "माह्यापेक्षा त्या टायराशीच तुह्यं जास्त जमते."

एकदा माघात अवकाळी पाऊस आला. आदल्या सांजेला उरकुडाभाऊंनी एक टायर मोजून सुतळीला गाठ मारली होती आणि सुतळी कुंपणावर टाकली होती. सकाळी त्याच गाठीवर दुसरा टायर जुळवून त्यांनी जोडी बसवली, साखळ्या चढवल्या. सागाची लाकडं आधीच लादलेली होती. गाडी नाल्याचा उतार उतरणार होती. मी धुणं वाळत घालायला गेले, तर काल सैल लोंबणारी अंबाडीची दोरी पावसाने आखडून ताठ झालेली. बोट लावून मी पाहिलं. सुतळीही अंबाडीचीच होती, रात्रभर भिजलेली; म्हणजे गाठ खोटी आणि तिच्यावर जुळवलेला टायर लहान!

धावत बाहेर आले. नवरा गाडीत बसलेला, इंजिन सुरू. "टायरा, सुतळी आखडली म्हणून सांग रे!" मी ओरडले. त्या घरघरीत कोण ऐकतो? मग मी पदर दातांत धरला आणि उरकुडाभाऊंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "भाऊजी, गाडी जाऊ देऊ नका! सुतळी भिजून आखडली!"

लादणारे गडी हसले. मला वाटलं, आता या घरातलं माझं दाणापाणी संपलं. पण त्यांनी जॅक मागवला, दोन्ही टायर उतरवले. सुतळीला हात न लावता एक लोखंडी साखळी घेऊन एकेकाभोवती फिरवली. चांगला चार बोटांचा फरक निघाला.

ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तू बोलली नसती तं माहा भाऊ आज घरी आला नसता."

आयुष्यात ते माझ्याशी बोलले ते एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा टायराला सांगणं आलं, "टायरा, मोजून घेजो म्हणून सांग तिले." उंबऱ्यावर ती साखळी ठेवलेली होती. पुढे प्रत्येक खेपेआधी त्यांनी मोजायचं आणि मग मी. आमचे हे म्हातारे होऊन घरच्या खाटेवर गेले. याचं श्रेय मी त्या साखळीला देते.

परवा अंगणात गेले. कोपऱ्यात शेवटचा टायर आहे, खिळ्याला साखळी आहे. सवयीने टायराभोवती फिरवली आणि विचारलं, "बराबर हाये का रे टायरा?" आत त्यांची खाट रिकामी होती, घरात कोणी नव्हतं, तरी डोक्यावरचा पदर मी घट्ट धरून ठेवला होता.