लाइटची वाट

वरच्या मजल्यावर लेबनॉनची रीमा राहते, पुण्यात शिकायला आलेली. आमच्याकडे आली की चहाआधी फोन चार्जिंगला लावते. काल पाहिलं तर फोन पूर्ण भरलेला.

"अगं, भरलाय की!"

ती ओशाळली. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "सवय, काकू. आमच्याकडे लाइट कधी जाईल, सांगता येत नाही."

तरी नजर फोनवरच. तिची चुळबुळ बघून मलाही धड बसवेना. चहा निवत चालला.

"कोणाचा फोन यायचाय?"

"आईचा. तिकडे लाइट आली की करते."

माणूस इतक्या लांब येतो, आणि जीव मात्र तिकडच्या एका बटणापाशी अडकून राहतो! डोक्यावर पंखा गरगरत होता. भर दुपारी स्वयंपाकघरातला दिवा जळत होता. मी उठून तो उगाचच बंद केला. एवढ्या उजेडात ही पोरगी लाइट यायची वाट बघत होती.