चांदात दोन मिळवायचे

मुरुडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या काशिफा मॅडम वर्गात शिरताना तोंडात एक लवंग ठेवायच्या आणि तास संपेपर्यंत ती दाढेखाली धरून गप्प बसायच्या. बाई मुळात कमालीच्या बोलघेवड्या. मासळीबाजारात त्यांनी सुरमईचा भाव करायला घेतला, की शेजारच्या कोळणी आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकत राहायच्या. अशा बाईने गप्प बसायचं व्रत घेतलं, याची गावाला मोठी गंमत वाटली होती. त्या लवंगेने पुढे काय करून ठेवलं ते कळल्यावर मात्र कुणाला हसू आलं नाही.

त्यांचे अब्बा अहमद नाखवा. स्वतःची होडी, स्वतःची जाळी, आणि मुलगी शिकलीच पाहिजे हा हट्टही स्वतःचाच. मोहल्ल्यातून एम.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी. नोकरी लागली तीही गावातल्याच कॉलेजात. पुढे कितीतरी वर्षं मॅडमनी मनापासून शिकवलं आणि मागच्या बाकांवरची मुलं तितक्याच मनापासून झोपली.

मग एका हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायची सक्त मनाई केली. वर्गात गोंधळ नको म्हणून एक मुलगी लाजत लाजत उठली आणि घरून आणलेला बांगडा टेबलावर ठेवून कल्ले कसे चालतात ते समजावू लागली. त्या दिवशी कुणी झोपलं नाही. मुलं एकमेकांना अडवत होती, भांडत होती, पुन्हा पुन्हा कल्ला उचलून बघत होती. मॅडमना आधी वाईट वाटलं, आपल्यावाचून काही अडत नाही म्हणून. घरी जाताना मात्र आनंदाने पाय जमिनीवर ठरेनात.

घसा बरा झाला, पण बाई गप्पच राहिल्या. वर्गाचे नियम ठरले. एकाने शिकायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं. शिकवणारा चुकला तरी मॅडम मध्ये पडणार नाहीत, चूक मुलांनीच शोधायची. आज जो शिकला तो पुढच्या वेळी पुढारी, आणि त्याला शिकवणाऱ्याने काठावर थांबायचं. समुद्रातल्या खडकांवर पाहणीला जाताना मोबाईल पिशवीत आणि पिशवी वाळूवर. भरती-ओहोटी स्वतःच्या डोक्याने काढायची. निकाल सुधारले, नाव झालं. किहीमच्या बाजूच्या एका कॉलेजाने हीच पद्धत उचलली, नियमांसकट.

अलिना नावाच्या मुलीने भरतीचा हिशोब शिकवला तो तास मॅडमना नीट आठवतो. अलिनाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होडी.

"आज कितवा चांद ते बघायचं," तिने फळ्यावर लिहीत सांगितलं. "त्यात दोन मिळवायचे. त्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते निघतं. तिथून सहा तास मागे गेलं की सुकती. तेव्हा पाणी सगळ्यात खाली."

"दोन कशाला मिळवायचे?" तळा गावच्या कल्पिताने विचारलं. डोंगरातली पोर, समुद्राला अजून बिचकायची.

"असंच हाय ते. आमचे अब्बा असंच करतात."

मागच्या बाकावर मॅडमनी लवंग चावली. त्यांचे अब्बाही असंच करायचे. दोन कशाला, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. कल्पिताने प्रश्न लावून धरावा असं त्यांना फार वाटत होतं. पण कल्पिता बसली, दुसरं कुणी उठलं नाही, आणि तास संपला.

तो हिशोब परेशने उचलला. परेश पेणकडचा. आजा मिठागरावर राबलेला, पण बाप ट्रकवर, आणि परेशला खाडी माहीत ती पुलावरून दिसते तेवढीच. पोरगा हुशार, शिकवण्यात तर हातखंडा. नवा चांद दिसल्यापासून दिवस मोजायची रीत त्याच्या घरात नव्हती. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी घेतली. चंद्राचाच हिशोब तो, फरक काय पडणार, असं त्याला वाटलं. रविवारी तो किहीमला गेला आणि तिथल्या मृणालला आणि तिच्या गटाला हिशोब घोटून घोटून शिकवून आला. दोन्ही गट एकाच सकाळी आपापल्या किनाऱ्यावर कालवांची, खडकांना चिकटलेल्या त्या धारदार शिंपल्यांची, पाहणी करणार होते.

त्या सकाळी मुरुडला विद्यापीठाची समिती आली होती. ही पद्धत आणखी कॉलेजांत न्यायची की नाही ते तिच्या अहवालावर ठरणार होतं. वारा पडला होता आणि समुद्र नको इतका शांत होता. नऊ वाजता मुलं वाळूची खोलगट पट्टी ओलांडून पलीकडच्या खडकांवर गेली. पुढे परेश. अलिना नियमाप्रमाणे काठावर, मॅडमच्या शेजारी. मॅडमच्या तोंडात लवंग.

पाऊण तासाने कालवं काढणाऱ्या बायका टोपल्या घेऊन परत येऊ लागल्या. आज लवकर कशा, असं मॅडमच्या मनात आलं. मग त्यांचं लक्ष नांगरलेल्या होड्यांकडे गेलं. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असतं तेव्हा होडीचं तोंड गावाकडे असतं. या सगळ्या होड्यांनी समुद्राकडे तोंडं केली होती.

त्यांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. काल संध्याकाळी गच्चीवरून त्यांनी स्वतः चांद पाहिला होता. म्हणजे आज एक. एकात दोन, तीन. पाऊणपट, सव्वादोनला भरती. ओहोटी सव्वाआठलाच संपलेली. मग पोरं नऊला का गेली?

"अलिना, परेशने काय धरलंय आज?"

"तृतीया म्हणाला. तीनात दोन पाच. पावणेचारला भरती, पावणेदहापर्यंत पाणी उतरणार म्हणून..." अलिना बोलता बोलता थांबली. "मॅडम, पण आज तर पहिलाच चांद."

अमावस्येनंतर चांद दिसायला जितके दिवस जातात, तितकेच ते दोन. अमावस्येपासून मोजलेल्या तिथीत ते आधीच धरलेले असतात. परेशने ते दुसऱ्यांदा मिळवले होते. इतकी साधी गोष्ट, आणि आयुष्यभर समुद्राकाठी राहून ती मॅडमना या क्षणी कळत होती. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

"बघू या ना, मुलं कशी निभावतात ते," समितीतले एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले.

मॅडमनी लवंग थुंकली आणि त्या ओरडत पाण्याकडे धावल्या. "परत या! भरती लागलीये! परत या!"

खडकांवरच्या मुलांनी ऐकलं. पण त्यांनी मॅडमकडे पाहिलं नाही, परेशकडे पाहिलं. मॅडमनीच त्यांना तसं शिकवलं होतं. परेशने बोटांवर पुन्हा मोजलं, हात उंचावून हसत सगळं ठीक असल्याची खूण केली, आणि मुलं पुन्हा खाली वाकली. त्यांच्या पाठीमागची वाळूची पट्टी गुपचूप भरत चालली होती.

"माझं नाही ऐकणार ती," मॅडम अलिनाचा दंड धरून म्हणाल्या. "तू हाक मार."

अलिना कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "परेश, हिशोब चुकला! चांद पहिला हाय, तिसरा न्हाय!"

आता परेश हसला नाही. मुलं हात धरून निघाली. पट्टीत पाणी छातीला लागत होतं. कल्पिताचा पाय सुटला, ती एकदा खाली गेली, आणि अलिनाने तिची वेणी धरून तिला वर ओढली. सगळी काठाला आली. कालवांच्या धारेने पाय फाटले होते, पण सगळी आली. मॅडमनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजली आणि मग त्या वाळूवरच बसल्या. रडू आवरत नव्हतं त्यांना.

परेश ओलाचिंब समोर उभा होता.

"मॅडम," तो म्हणाला, "किहीमला पण मी असंच शिकवलंय. तिथली पोरं पण नऊलाच जाणार होती."

त्याच्या ओल्या बोटांना मोबाईल जुमानेना. मॅडमनी तो हिसकावून मृणालचा नंबर लावला. तिकडे फोन वाजत राहिला. तो पिशवीत असणार आणि पिशवी वाळूवर, हे त्यांना ठाऊक होतं, नियम त्यांचाच होता. तरी त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा.

शेवटी कुणीतरी उचलला. म्हातारा आवाज होता, दम लागलेला.

"कोण बोलतंय? मी वाडीतला माळी. मघापासनं वाजतोय म्हणून उचलला. हितं वाळूवर सगळ्या पिशव्याच पडल्यात, बाई."

"मुलं? मुलं कुठायत? खडकांवर बघा, खडकांवर कुणी दिसतंय का?"

म्हातारा पाण्याच्या कडेपर्यंत गेला असावा, फोनमधला लाटांचा आवाज वाढला.

"खडक कुठले आता, बाई? सगळं पाणीच हाय."