काकूंची बडबड कायद्यात बसते

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत काकूंना सगळ्या जणी 'रेडिओ' म्हणत. रेडिओला निदान बटण असतं, असं त्यांच्या यजमानांचं मत होतं. पण ते हळू आवाजात, काकू दुसऱ्या खोलीत असतानाच व्यक्त व्हायचं. चादरीची घडी घालायला दोघी समोरासमोर उभ्या राहत. टोकं जुळवत त्या जवळ येईपर्यंत काकूंची गुडघेदुखी, जावेचा फुगलेला चेहरा आणि जावयाचं घोरणं, सगळं सांगून झालेलं असे.

इस्त्रीच्या खोलीत वाफेनं जीव नकोसा व्हायचा. खिडक्या मात्र कायम बंद, का तर चादरींवर धूळ बसेल. एकदा एक बाई चक्कर येऊन कपड्यांच्या ढिगावरच कोसळली. त्या दिवसापासून काकूंचा विषय बदलला.

"आपण संघटना करू या गं," त्या चादरीच्या टोकाकडून म्हणायच्या. समोरची दचकायची, पण दुसरं टोक तिच्याच हातात, पळणार कुठे? बघता बघता अख्खी खोली सभासद झाली. संघटनेची रीतसर नोंदणीही झाली.

हे मॅनेजरच्या कानावर गेलं. त्यांनी काकूंना आधी गोदामात एकटं बसवलं. काकू साबणाच्या पोत्यांशी बोलू लागल्या. मग एका सकाळी फाटकावरच निरोप मिळाला, "उद्यापासून येऊ नका."

घरी आलेल्या काकू चक्क गप्प होत्या. यजमान इतके घाबरले की डॉक्टरांना बोलवायला निघाले.

"बाबा, थांबा," लेक म्हणाली. "आई, संघटना केली म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. आपण तक्रार करू."

"पण मला तिथे बोलायला जमेल का गं?"

यजमानांना एवढा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

सुनावणीला सगळं घर गेलं. कामगार अधिकारी बाईंनी मॅनेजरना विचारलं, "यांना का काढलंत?"

"फार बोलतात हो. कामाचा खोळंबा होतो."

"कधीपासून बोलतात?"

"अहो, लागल्या तेव्हापासून!"

"मग इतकी वर्षं कसं चालवून घेतलंत?"

"तेव्हा जावयाच्या घोरण्यावर बोलायच्या! आता संघटनेवर..." मॅनेजरनी जीभ चावली. त्यांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मागच्या बाकावर जावयाचे कान लालबुंद झाले.

बाई हसू दाबत म्हणाल्या, "म्हणजे बोलण्याबद्दल नाही, संघटनेबद्दल काढलंत. हे चालणार नाही. यांना त्यांच्या जुन्या जागेवर परत घ्या."

काकूंना एक शब्दही बोलावा लागला नाही. याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

पुढे संघटनेशी बोलणी झाली आणि इस्त्रीखोलीच्या खिडक्या उघडल्या, त्यांना जाळ्या बसल्या. आठवडाभरात अर्ध्या जणी काकूंकडे तक्रार घेऊन आल्या: वारा थेट मानेवर येतो, त्या कोपऱ्यातली तरी बंद करा. उरलेल्या म्हणाल्या, हात तर लावून बघा!

काकूंनी कपाळावरचा घाम पुसला, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "बसा गं सगळ्या. एकेकीनं बोला. मी ऐकते."

काकू किती वेळ नुसत्या ऐकतात ते मोजायला एक जण तर घड्याळ बघू लागली.