नानांचा गारखेड्याचा तळ

आधी माफी मागते. कुणावर लिहावं इतकी मी मोठी नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराबाहेर काही लिहिणारी मीच पहिली. आणि ज्यांच्यावर लिहायला बसले आहे ते माझे चुलते, नाना, मला पुरते कळले आहेत असंही नाही. न कळलेलंच जास्त आहे. पण अशी माणसं तुमच्याही घरात असतील, म्हणून धीर करते.

नाना घर बघायला भाकरी बांधून जायचे. लोक पंधरा मिनिटांत घर बघतात, नळ सोडून बघतात, भिंतीवर टकटक करतात आणि निघतात. नाना सकाळी जाऊन ओट्यावर बसायचे ते संध्याकाळीच उठायचे. आम्ही पिशोरचे, मेंढरामागं फिरणारे. माझे वडील अजून मेंढरं राखतात. नानाही विशीपर्यंत कळपामागेच होते, मग वाळूजच्या एका कारखान्यात लागले. पण जागा पारखायची रीत त्यांनी तीच ठेवली होती. ते म्हणायचे, "तळ टाकायच्या आधी त्या जागेवर एक दिवस बसावं. पाणी कुठं पळतं, मुंग्या कुठनं निघतात, सावली कधी फिरते, ते जागा आपली आपण सांगती."

मी अकरावीला शहरात आले तेव्हा नाना-काकू कारखान्याजवळच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. नाना चालत कामावर जायचे. माझं कॉलेज मात्र गारखेड्याकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन गाड्या बदलून जावं लागे आणि मला गाडी लागायची. पहिल्या सहामाहीत मी किती तास बुडवले ते सांगत नाही. ओढणी तोंडाला लावून उतरायचे, स्टँडवरच्या नळावर तोंड धुवायचे आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसून राहायचे. दिवाळीला गावी गेल्यावर मी आईला म्हटलंही होतं, की मला नाही जमत, मी परत येते. नानांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर नाना घरं बघू लागले. घर तर घ्यायचंच होतं. काकूंची बहीण गारखेड्याला लागूनच पुंडलिकनगरला राहते, म्हणून काकूंचा सगळा ओढा तिकडे. नानांचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता, म्हणून मला वाटायचं, कारखान्याजवळच्या नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट बरा. मी एक वही केली. एका बाजूला जाणं-येणं, दुसऱ्या बाजूला घराची देखभाल. फ्लॅट कामाजवळ आणि नवा, पण दर महिन्याचा मेंटेनन्स कायमचा आणि शेजार अनोळखी. गारखेड्यातलं घर आपल्या जमिनीवरचं, गल्ली जुनी, माणसं धरून राहणारी; पण स्लॅब जुना, हौद जुना, ड्रेनेज जुनं, आणि नानांना रोज शहर ओलांडून जायचं. वही भरत गेली आणि माझा गोंधळ वाढत गेला. कुठल्याच बाजूनं काही ठरेना.

नानांनी वही उलटसुलट करून पाहिली. "चांगलं लिवलंय," म्हणाले. "पण वहीत मेंढरं बसत नसतात, पोरी. तळ कुठं टाकायचा ते कळपातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या मेंढीवरनं ठरतं. दांडगी कुठनंबी येतात."

मी मनात म्हटलं, हळू चालणारे तर नानाच. म्हणजे कारखान्याजवळचा फ्लॅट. वहीत तसं लिहूनही ठेवलं.

गारखेड्यातलं ते घर एका निवृत्त गुरुजींचं होतं. त्या दिवशी मीही नानांबरोबर होते. नानांनी फाटकापाशी तांब्याभर पाणी ओतलं, ते कुठे वाहतं ते पाहिलं आणि ओट्यावर मांडी ठोकली. दुपारपर्यंत गुरुजींचा धीर सुटला.

"अहो, घर बघायला आलात की उपोषणाला बसलात?"

"उपोषणाला भाकरी आणत नसतात, गुरुजी," नाना म्हणाले. "या, ठेचा हाये."

गुरुजी हसले आणि खरंच येऊन बसले. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, की बाहेरच्या खोलीचा स्लॅब गळतो आणि आतली खोली कोरडी राहते. बहुतेक हे ते बाकी कुणाला सांगणार नव्हते.

जेवण झाल्यावर नाना मला म्हणाले, "तुझा कसला तरी फॉर्म द्यायचा राहिलाय ना कॉलेजात? जा, देऊन ये. चालत जा."

मी गेले, फॉर्म दिला आणि परत आले. नाना पायरीकडे बघत बसले होते. "सावली तिसऱ्या पायरीवरनं उतरायच्या आत आलीस," म्हणाले. "पाय दुखले का?"

"नाही."

"उलटी-बिलटी?"

"चालताना कशी होईल, नाना?"

"व्हय, ते बी खरंच," म्हणाले आणि गुरुजींना हौद उघडून दाखवायला सांगितलं.

त्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं. काकू भाकरी थापता थापता थांबल्या. नाना म्हणाले, "तू शिकलेली. तू सांग, कुठलं मकान घ्यायचं?"

माझ्या वहीतलं उत्तर तयार होतं. पण तोंडातून निघालं, "गारखेडा." मी काकूंसाठी बोलले नाही, नानांसाठी तर नाहीच. मला फक्त गाडीत बसायचं नव्हतं. काकूंनी पिठाच्या हातानेच माझी दृष्ट काढली. नाना माझ्याकडे वळले. "पक्कं?" एवढंच विचारलं.

"पक्कं," मी म्हटलं आणि वही दप्तरात सारली.

पुढची चार वर्षं मी चालत कॉलेजला गेले. नाना पहाटे सूतगिरणी चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहायचे, एका हाताने गुडघा चोळत. पावसाळ्यात बाहेरच्या खोलीत पाणी गळायचं. त्या खोलीत नाना-काकू झोपायचे. कोरड्या खोलीत माझं टेबल होतं. नाना दरवर्षी गच्चीवर ताडपत्री टाकायचे, चार विटा ठेवायचे आणि खाली येऊन पातेली मांडायचे. काकू कावायच्या. "अवो, सारी गल्ली हसती आपल्याला. एकदाचं पक्कं काम करून घ्या की!"

"तळाला कुणी प्लास्टर करतं व्हय?" नाना म्हणायचे.

मला वाटायचं, माझ्यामुळे झालेल्या या घराला नाना कंटाळले आहेत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी हिंमत करून सांगून टाकलं, "नाना, मी तेव्हा खोटं बोलले. माझ्या सोयीसाठी गारखेडा म्हटलं. तुमच्या गुडघ्याचा विचारच केला नाही."

नाना पातेल्यातलं पाणी बादलीत ओतत होते. "व्हय?" म्हणाले. "खामखा रडू नको. ते पातेलं सरकव जरा, थेंब भाईर पडतोय." एवढंच. मला माफी मिळाली की नाही, ते कळलंच नाही.

शेवटचा पेपर झाला, मी एम.ए.ला पुण्याला आले आणि इथल्या होस्टेलमध्ये राहू लागले. पण ते ओझं बरोबर आलंच. फोनवर मी रोज विचारायचे, नानांचा गुडघा कसा आहे? काकू रोज म्हणायच्या, तसाच आहे.

मागच्या रविवारी काकूंचा फोन आला. आवाज चढलेला होता. "तुझ्या नानानं घर विकलं बाई! तू गेलीस त्याच महिन्यात बोलणं लावलं होतं म्हणे. वाळूजला फ्लॅट घेतलाय, कंपनीच्या दारात. सामान टेम्पोत भरलंय आन् मला आत्ता सांगतोय!"

"पण काकू, गारखेड्याचं घर तुमच्या बहिणीमुळे घेतलं होतं ना?"

"मी बी चार वर्षं साऱ्या गल्लीला तेच सांगत होते की! आता इचारलं, तर म्हणतोय, हळू चालणारी मेंढी फुडं गेली, आता तळ उठवायचा."

तेवढ्यात नानांनी फोन घेतला. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"पोरी, तुझ्या होस्टेलपासनं कॉलेज किती लांब?"

"जवळ आहे, नाना."

"चालत?"

"चालत."

"मग बरंय," नाना म्हणाले आणि टेम्पोवाल्याला ओरडले, "चल रे!"