कपाटाची थंड सावली

एंडला रात्सेप कुठल्याही खोलीत शिरली की आधी भिंतीला हात लावायची. तळवा नाही, पालथा हात. लग्नघरी, टपाल कचेरीत, इतकंच काय, दाताच्या दवाखान्यातही. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "अहो, दात तुमचा दुखतोय की भिंतीचा?" एंडला हसली, पण हात लगेच काढला नाही. भिंत कोरडी निघाली, तेव्हा कुठे ती निमूट खुर्चीत जाऊन बसली.

ही खोड तिला एकोणिसाव्या वर्षी लागली. तार्तू शहरात गिलावा करणाऱ्या एका टोळीत ती नवी होती आणि टोळीचा मिस्त्री होता एवाल्ड तूमसालू. उंच, वाकलेला, भुवयांवर कायम चुना. तो भिंतीशी डोळे मिटून चालायचा, पालथा हात भिंतीवरच्या कागदावरून सरकवत, आणि मध्येच थांबायचा. "इथं." पोपडा काढला की आत ओल असायचीच.

"तळव्याला घट्टे पडलेले असतात, तो खोटं बोलतो," तो सांगायचा. "पालथ्या हाताची कातडी पातळ. तिला लबाडी जमत नाही."

कुणी घाईत ओल्या भिंतीवर गिलावा चढवला, तर तो न रागावता थापीने सगळा खरवडून काढायचा. "झाकू नकोस, पोरी. झाकलंस की ते आत बसून खातं. आधी पाणी येतंय कुठून ते बघ, मग थापी उचल." एंडलाचं काम त्याने तीनदा असं उतरवलं होतं. चौथ्यांदा त्याने भिंतीला हात लावला आणि काही न बोलता पुढे गेला. त्या दिवशी ती घरी चालत गेली नव्हती, तरंगत गेली होती.

मग वर्षं गेली. राज्य बदललं, टोळी पांगली. एक जण बेकरीत लागला, एक दारूत बुडाला, एंडला समुद्र ओलांडून फिनलंडला गेली आणि तिथे पन्नाशीत तिच्या हातात उष्णता टिपणारा एक कॅमेरा आला. वीटभर आकाराचा, मागे छोटा पडदा. शिकवणारा म्हणाला, ह्याला पाणी दिसत नाही. भिंतीचा पृष्ठभाग किती ऊन, किती गार, एवढंच दिसतं. जिथे आत पाणी असतं तिथली भिंत ऊब धरत नाही, म्हणून पडद्यावर तो भाग निळा पडतो. बाकी अक्कल माणसाने लावायची. एंडलाच्या मनात आलं, म्हणजे पालथा हातच की. फक्त छतापर्यंत पोचणारा. तिने कॅमेरा खिडकीकडे वळवला, तर काचेत एक नारिंगी आकृती उभी होती, चेहरा नसलेली. ती स्वतःच होती. आपली ऊब आपल्याला अशी समोर उभी दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पुढे कितीतरी घरांत, कितीतरी काचांत ती आकृती तिला भेटत राहिली, आणि दर वर्षी किंचित वाकत गेली.

तार्तूला परतल्यावर तिचा हंगाम हिवाळ्याचा झाला. बाहेर कडाका आणि आत ऊब असली, तरच कॅमेऱ्याला फरक कळतो. म्हणून ती लोकांना आदल्या दिवशी फोन करून विनवायची, शेगडी चांगली पेटवा हो. लोक लाकडं वाचवायचे आणि कॅमेऱ्यात सगळं घर एकाच रंगाचं, मुकं दिसायचं.

त्या जानेवारीत तिला वाटाणा गल्लीतून बोलावणं आलं. नदीकाठच्या सुपिलिन भागातलं दुमजली लाकडी घर. घराच्या सोसायटीची अध्यक्ष केटलिन, वरच्या मजल्यावर राहणारी तिशीतली बाई, फोनवर म्हणाली, "खालच्या कोपऱ्यातल्या आजोबांच्या भिंतीचा संशय आहे, मावशी. भिंतीतले ओंडके कुजले असतील, तर वसंताआधी खोली रिकामी करावी लागेल. सोसायटीने तसं ठरवलंय. आजोबा लेकीकडे जातील, नव्या वस्तीत, नवव्या मजल्यावर."

"आजोबांचं नाव?"

"तूमसालू."

तिचाच मिस्त्री. चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस नवव्या मजल्यावर गेलं की परत खाली येत नाही, हे तिला सांगायला कुणाची गरज नव्हती.

सकाळी दहाला ती पोचली तेव्हा बाहेर उणे एकोणीस होतं. आत मात्र वाफेच्या खोलीसारखा उकाडा. एवाल्ड नुसत्या गंजीफ्रॉकात दारात उभा. पांढऱ्या टाइल्सची, छतापर्यंत उंच शेगडी तापलेली, हवा थरथरत होती.

"दोन दिवस पेटवतोय," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला थंडी वाजते."

"अहो मिस्त्री, घामाच्या धारा लागल्यात तुम्हाला!"

"तो घाम नाही. तुला बघून आलेलं पाणी आहे."

केटलिन आतच होती. "अर्ध्या तासापूर्वी मी आणि नवऱ्याने कपाट हलवलं," ती उत्साहाने म्हणाली, "म्हणजे तुम्हाला भिंत मोकळी मिळेल. एवाल्ड आजोबा नकोच म्हणत होते, पण ऐकतंय कोण?"

"ऐकायला कान लागतात," एवाल्ड पुटपुटला.

कपाट हललं होतं तिथे भिंतीवर एक उभा चौकोन उघडा पडला होता. बाकी भिंतीचा कागद चहाच्या रंगाचा झालेला. त्या चौकोनात मात्र निळी जवसाची फुलं काल चिकटवल्यासारखी ताजी. एंडलाने ती ओळखली. तिनेच चिकटवली होती, विसाव्या वर्षी, एका रविवारी, मिस्त्रीची बायको हेल्यो शिडीखाली कणकेची खळ ढवळत असताना. तिसऱ्या पट्टीवर फुलांची जुळणी चुकलेली, अर्ध्या फुलाला दुसऱ्याचं देठ. हेल्यो तेव्हा म्हणाली होती, "राहू दे गं, वर कपाट येईल." आणि कपाट आलं, ते आज हललं.

एंडलाने कॅमेरा उघडला. पडद्यावर भिंत पिवळी, आणि तिच्यात एक भलामोठा निळा डाग, कपाटाच्या चौकोनापासून थेट खिडकीखालपर्यंत पसरलेला. केटलिनने खांद्यावरून डोकावलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! म्हणजे अख्खी भिंतच गेली."

एवाल्डने पडद्याकडे पाहिलं नाही. तो शेगडीच्या धुराच्या झडपेची साखळी उगाच खालीवर करत राहिला.

"थांब गं," एंडला म्हणाली. "चाळीस वर्षं कपाटाने ह्या भिंतीला खोलीची ऊब लागू दिली नाही. आत्ता आत्ता ते हललंय. ही कपाटाची सावली असू शकते. तासाभराने परत काढू. सावली असेल तर विरेल. पाणी असेल तर राहील."

"आणि राहिलं तर?" केटलिनने विचारलं.

एवाल्ड कॉफी ठेवायला गेला.

केटलिन वर जाऊन येते म्हणाली. दोघं खिडकीशी बसली. राय धान्याचा काळा पाव, वर खारवलेले छोटे मासे आणि अंड्याची चकती. एवाल्ड तिच्या बशीत पावाचा दुसरा तुकडा सरकवत म्हणाला, "खा. टोळीत होतीस तेव्हा पाचपाच खायचीस."

"तेव्हा तुम्ही मोजत होतात?"

"मोजत नव्हतो. उरत नव्हते, म्हणून कळायचं."

हसताना तिची नजर दुहेरी खिडकीच्या मधल्या जागेत गेली. तिथे कापसाची लांब वात आणि मिठाचा पेला होता, तिकडच्या सगळ्या घरांत असतो तसा, दोन काचांमधली ओल शोषायला. पण पेल्यात मीठ नव्हतं. मिठाचं पाणी झालं होतं, आणि पेला काठोकाठ. कापूस चिप्प भिजलेला. तिने आतल्या चौकटीच्या फटीवरून बोट फिरवलं. खोलीतली ऊन हवा त्या फटीतून आरपार जात होती.

दर ऑक्टोबरात ह्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, कणकेच्या खळीने, आणि वसंतात ओल्या फडक्याने काढतात. ते काम हेल्योचं होतं. एवाल्ड उभ्या आयुष्यात हजार भिंती सारवून आला होता, पण घरच्या खिडकीला पट्टी कधी त्याने चिकटवली नव्हती. हेल्योला जाऊन चार हिवाळे झाले होते. चार हिवाळे खोलीची वाफ त्या फटींतून काचेवर जाऊन बसत होती आणि काचेवरून खाली ओघळत होती.

एंडलाने कॉफी संपवली आणि कॅमेरा पुन्हा उचलला.

कपाटाचा चौकोन विरून गेला होता. तिथे आता भिंतीसारखीच भिंत होती, पिवळी. पण खिडकीच्या खाली एक निळी जीभ उरली होती, हातभर लांब. ती हलली नव्हती. उलट आजूबाजूची भिंत इतकी तापली होती की जीभ अधिकच ठळक दिसत होती. खिडकीखालच्या त्या भागाला ताजा ऑइलपेंट मारलेला होता, पांढरा, चकचकीत, कडांना सफाईने ओढलेला. असा हात गावात एकाचाच.

"मिस्त्री," ती म्हणाली, "हा रंग कधी मारलात?"

"झाला असेल महिना." मग म्हणाला, "डाग दिसत होता."

"आणि शेगडी म्हणे म्हाताऱ्याला थंडी वाजते म्हणून."

"वाटलं, भिंत तापवली की तुझं यंत्र गप्प बसेल."

"ह्याच्यासाठी मी लोकांच्या पाया पडते हो! आत जितकी ऊब, तितकं हे जास्त बोलतं. तुम्ही दोन दिवस लाकडं जाळून मला स्वतःच दाखवलंत."

एवाल्ड खुर्चीत बसला. हात गुडघ्यांवर, पालथे. त्यांची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती.

"केटलिनने काय पाहिलंय? कपाटाचा डाग. तो गेला," तो हळू म्हणाला. "सगळीच कपाटाची सावली होती, असं लिही ना, पोरी. एवढं एकच लिही. मी ह्या खोलीत अजून किती दिवस राहणार आहे? तेवढं ही भिंत धरेल."

एंडलाला वाटलं, लिहावं. एक ओळ. तिने ह्या माणसाच्या हाताखाली सगळं आयुष्य कमावलं होतं, एका ओळीने ते ऋण फिटलं असतं. खिडकीच्या काचेत कॅमेऱ्याशिवाय तिचं प्रतिबिंब होतं, चेहऱ्यासकट.

"तुम्ही माझी भिंत तीनदा उतरवली होती," ती म्हणाली.

"तेव्हा मला राहायला घर होतं."

"थापी कुठाय?"

एवाल्ड मग उठला आणि फडताळातून थापी काढून दिली. मूठ झिजून त्याच्या बोटांच्या आकाराची झालेली. तिने रंग खरवडला. ओल्या सालीसारखा तो लोळत खाली आला आणि खोलीत कुबट वास पसरला. ओल मोजणारं दोन सुयांचं मीटर टोचलं, आकडा वर चढला. मग टोचा काढला, लाकूड तपासायची टोकदार सळी. तिने तो ओंडक्यात दाबला. दोन बोटं आत गेला, लोण्यात जावा तसा. एवाल्डने डोळे मिटले. तिने अजून दाबला. टोचा थांबला. तिने अंगाचा भार टाकला, तरी हलेना. तिने वीतभर डावीकडे टोचलं, उजवीकडे टोचलं, खालच्या ओंडक्यात टोचलं. सगळीकडे टोचा वरच्यावर अडला.

"तुम्ही करून बघा," तिने टोचा त्याच्याकडे दिला.

त्याने टोचा घेतला नाही. पालथा हात ओंडक्यावर ठेवला आणि डाव्या टोकापासून सरकवत नेला, डोळे मिटूनच. खिडकीखाली थांबला. "इथं." पुढे सरकला. "इथं नाही." आणखी पुढे. "इथंही नाही." मग त्याने डोळे उघडले. "एकच ओंडका आहे, पोरी. तोही अर्धाच."

तेवढ्यात केटलिन खाली आली. जमिनीवरचा रंगाचा ढीग पाहून म्हणाली, "हे काय, संपली का भिंत?"

"भिंत ठीक आहे," एंडला म्हणाली. "खिडकीखाली एक ओंडका कुजलाय. पावसाने नाही, जमिनीतूनही नाही, खिडकीच्या फटींतून गेलेल्या वाफेने. उन्हाळ्यात सुतार बाहेरून बदलतील, खोली रिकामी करायची गरज नाही. तोवर ही जागा उघडी ठेवायची, वाळू द्यायची. दोन्ही फोटो जोडून हेच लिहून देते."

"नक्की ना, मावशी? उद्या भिंत बसली तर मला विचारतील."

"मला विचार. आणि माझ्यावर विश्वास नसेल, तर ह्यांना विचार. ह्यांच्या हाताला खोटं बोलता येत नाही. रंग मारता येतो, तेवढंच."

एवाल्ड खाकरला आणि खिडकीबाहेर बघू लागला. केटलिन दोघांकडे बघत राहिली. कशाबद्दल बोलणं चाललंय ते तिला कळलं नाही, पण सोसायटीच्या कागदावर तिने तसंच लिहिलं.

जुलैत सुतारांनी ओंडका बदलला. एवाल्ड तीन दिवस रस्त्यावर खुर्ची टाकून बसला आणि हवा अडवायला ओंडक्यांमधल्या फटीत शेवाळ कसं ठासायचं ह्यावरून सुतारांना जीव नकोसा करून सोडलं. कुजका तुकडा त्याने सरपणाला दिला नाही. लिलाकच्या फुलझुडपाखाली ठेवला, आणि शेजारच्या मांजराने तो आपला केला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एंडला कॅमेऱ्याशिवाय आली. पिशवीत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि कोरडं मीठ. एवाल्डने खळ आधीच ढवळून ठेवली होती, गुठळ्यांसकट.

"हेल्योच्या खळीत गुठळ्या नसायच्या," एंडला म्हणाली.

"हेल्यो मला चमच्याला हात लावू द्यायची नाही. शिकणार कुठून?"

तिने पट्ट्या लावल्या. त्याने शेवटच्या दोन लावल्या, वाकड्या, आणि खिडकीशी गाल नेऊन हवा येते का ते तपासलं. मीठ पेल्यात ओतलं. मग दोघांनी मिळून कपाट जागेवर आणलं. फुलांच्या चौकोनापुढे आल्यावर एवाल्डने हात वर केला.

"बस. भिंतीला लावू नकोस. चार बोटं सोड, हवा खेळू दे."

"फुलं दिसतील मग. माझी चुकलेली जुळणीसुद्धा."

"दिसू देत," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाकली, पुरे झालं."

त्याने कपाट आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीत हात घातला, पालथा, आणि बराच वेळ तसाच ठेवला. भिंत कोरडी होती. एंडला खळीचं भांडं घासायला गेली.