अकरा वेळा थांबवलेला ड्रायव्हर

चोर पकडल्याच्या गोष्टी मी घरी हजारदा सांगितल्या. ही केस कुणालाच सांगितली नाही, आणि सगळ्यांत जास्त आठवते ती हीच.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. पुण्याहून ऑकलंडला येऊन मी पोलिसात लागलो होतो आणि मनुरेवा भागात ड्यूटीला होतो. एका शनिवारी सकाळी स्टेशनला निनावी फोन आला. आदल्या आठवड्यात एका गॅरेजमधून रेसच्या गाडीचे इंजिन चोरीला गेले होते. ते एका काळ्या ड्रायव्हरच्या गाडीत बसवले आहे, असे फोनवरच्या माणसाचे म्हणणे. कशावरून, असे विचारल्यावर तो म्हणाला, "अशा माणसाकडे तसलं इंजिन येणार कुठून?" खरे तर पेन तिथेच खाली ठेवायला हवे होते. मी गाडीचे वर्णन लिहून घेतले.

एकच्या सुमारास तो ड्रायव्हर रस्त्यातच सापडला. मागे ट्रेलर, ट्रेलरवर रेसची गाडी. माणूस मूळचा झिम्बाब्वेचा, टायरच्या दुकानात मेकॅनिक. मी खिडकीपाशी पोहोचण्याआधीच त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. मातीच्या ट्रॅकवर त्या दिवशी हंगामाची शेवटची रेस होती आणि गुणांत तो पहिला होता. एका मोठ्या टीमचा मॅनेजर खास त्याला बघायला येणार होता. गाड्यांची तपासणी तीनला बंद होते, त्याआधी पोहोचायला हवे, एवढेच तो शांतपणे म्हणाला.

कॉम्प्युटरवर त्याचे नाव टाकले, तर दोन वर्षांत अकरा वेळा थांबवल्याच्या नोंदी. विस्तवाशिवाय धूर निघत नाही, असे मी मनात म्हटले. अकराही नोंदींपुढे 'काही आढळले नाही' असे लिहिले होते. ते मी वाचले आणि सोडून दिले. आणखी एक कबूल करतो. थोड्याच दिवसांपूर्वी मी एका मुंबईकराला ताकीद देऊन सोडले होते, तेव्हा 'तुझा गाववाला होता ना?' म्हणून सहकाऱ्यांनी माझी चेष्टा केली होती. तेव्हापासून बाहेरून आलेल्या माणसाशी मी जरा जास्तच ताठ वागायचो.

तो स्टेशनला स्वखुशीने आला, असे मी नोंदवहीत लिहिले. त्या खुशीत किती खुशी होती, हे मला चांगले ठाऊक होते. इंजिन कुठून घेतले, कुणाकडून, कधी, हेच मी फिरवून फिरवून विचारत राहिलो. उत्तर एकदाही बदलले नाही. इंजिनावर क्लबच्या तपासनिसाचे सील आहे, त्याचा नंबर लॉगबुकात आहे, त्यांना एक फोन करा, असे त्याने दोनदा सांगितले. कागद तर चोरही दाखवतात, असे म्हणून मी लॉगबुक बाजूला सरकवले.

पावणेतीनला अखेर फोन लावला. तपासनीस म्हातारा गृहस्थ होता. ते सील त्याने स्वतः लावले होते, चोरीच्या चार महिने आधी. "आहे कुठे तो?" त्याने विचारले. "गेट बंद व्हायची वेळ झाली."

ट्रॅक चाळीस मिनिटांवर होता.

इंजिनचा खरा चोर पुढे त्याच गॅरेजात सापडला. मॅनेजरने दुसरा ड्रायव्हर निवडला, आणि याने वर्षभरात रेसची गाडी विकली. माझ्या वरिष्ठांनी फाईल वाचून कारवाई नियमानुसार झाल्याचा शेरा मारला. तो शेरा खराच होता. माणसाचे नुकसान करायला नियम मोडावा लागत नाही, हे मला त्या केसने शिकवले. जो फोन सगळ्यांत आधी करायला हवा होता तो शेवटी केला, याची लाज मला आजही वाटते.

त्या दिवशी स्टेशनच्या दारात मी त्याची माफी मागितली. तो रागावला असता तर बरे झाले असते.

"तुम्ही गाडीतून उतरताना मला आरशात दिसलात," तो म्हणाला, "तेव्हा जरा बरं वाटलं. म्हटलं, हा आपल्यासारखाच बाहेरून आलेला. हा तरी ऐकून घेईल."