अंगठ्याचं वजन

दुकानदारांचे तराजू दुरुस्त करता करता ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांचा विश्वास कोणावर बसणार? गल्लीत सगळे त्यांना काटेवाले म्हणत. दूध उतू गेलं तरी आधी पातेल्याकडे संशयाने बघणारे हे गृहस्थ. त्यांचं म्हणणं एकच, "लबाड दुकानदार परवडला. पारड्याला आपला अंगठा टेकलाय हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, तो भला माणूस जास्त बुडवतो."

लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि घरात ठिणगी पडली. काटेवाल्यांची बायको एका प्रार्थनामंडळात जायची. तिथे गुडघ्यावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि देवाला विचारायचं. त्याचा होकार असला तर हात आपोआप उठतो म्हणे. तिने लेकीचं विचारलं. हात उठला नाही.

"देवाची मर्जी नाही," ती म्हणाली.

"देवाची की तुझी?"

"अहो, मी काही केलं नाही. हात जड झाला, एवढंच."

"झाला की केलास?"

लेक कंटाळून म्हणाली, "आईचं मन मोडून मी नाही जायची. बाबा, तुम्हीच एकदा बघून या तिथे काय चालतं ते."

काटेवाले गेले. बायकोने पुन्हा लेकीचंच विचारलं. यांनीही गुडघ्यावर हात ठेवला; पण सगळ्यांचे डोळे मिटलेले, यांचे टक्क उघडे. बायकोच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. ओठ मनापासून पुटपुटत होते. पण अंगठा? गुडघ्यात असा रुतला होता, की नख पांढरंफटक पडलेलं. सापडली चोरी! उठावं म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर स्वतःच्या गुडघ्यावरही तसंच पांढरं नख. 'खुशाल जाऊ दे पोरीला' असं आठवडाभर घसा कोरडा करून सांगणाऱ्या माणसाचं!

परतताना त्यांनी तिला दोन्ही अंगठ्यांचं सांगून टाकलं.

"म्हणजे देव काही बोललाच नाही?"

"बोललाही असेल. आपण दाबून धरल्यावर काटा हलणार कसा?"

घराच्या पायरीवर ती थांबली. "जाऊ दे तिला," म्हणाली. या वेळी देवाचं नाव घेतलं नाही.

लेकीची बस हलली तसा काटेवाल्यांचा हात वर उठला. त्यांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

"कोणी उचलला?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

काटेवाल्यांनी अंगठ्याचं नख निरखलं, आणि बस वळेपर्यंत हात तसाच वर राहू दिला.